शनिवारची खिडकी

श्यामकांतांनी गॅलरीच्या कठड्याला पोट टेकवलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि हनुवटी वर करून एक लांब श्वास घेतला. वास घ्यायला चष्मा काढायची गरज नसते, पण दर शनिवारी संध्याकाळी ते तो काढत आले होते आणि असल्या कामात रीत मोडून चालत नाही. मागे हॉलमध्ये अख्खं घर निकालाची वाट बघत बसलं होतं. मुलगा देवदत्त सोफ्यावर मोबाइल घेऊन, सून चैत्राली उद्याच्या दशम्यांसाठी गूळ किसत, आणि नातवंडं, शलाका आणि तिच्यापेक्षा बरंच लहान शेंडेफळ अनीश, गॅलरीच्या उंबऱ्यावर.

"तुझा फोन काय म्हणतो?" श्यामकांतांनी मागे न बघता विचारलं.

"साठ टक्के," देवदत्त म्हणाला. "सकाळी जास्त दाखवत होता. दुपारी कमी झालं होतं."

"म्हणजे त्याला काही माहीत नाही."

"तसं नाही बाबा. तो फक्त शक्यता सांगतो."

"शक्यता काय, मीही सांगेन. पोरांना ओढ्यापार न्यायचं की नाही, ते विचार त्याला."

देवदत्त हसला. हे भांडण दर शनिवारी व्हायचं, आणि ते हरायला देवदत्तची हरकत नसायची. शलाकाला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. हल्ली ती प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जायला निघालेली होती.

"आजोबा, कोरड्याचा वास असतो तरी कसा?"

"गोडसर. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा. आणि मागून जरा कडवट, घशाला लागणारा."

शलाकाने नाक फेंदारून हुंगलं. श्यामकांत स्तब्ध उभे राहिले. आता त्यांचा सगळा जीव कानात गोळा झाला होता.

या घरात रविवारची फेरी शलाका चालायला लागली तेव्हापासून सुरू होती. शिरगावातून रिक्षाने वस्ती संपते तिथपर्यंत जायचं, मग शेतांच्या बांधावरून, ओढा ओलांडून, टेकडीवरच्या देवळापर्यंत. उन्हाळ्यात कोणीही जाईल. खरी गंमत श्रावणात, डोंगर हिरवे असतात तेव्हा, आणि नेमका तेव्हाच भरवसा नसतो. घडीत ऊन, घडीत सर. खाली स्वच्छ ऊन असताना वर डोंगरात कोसळतं आणि घोट्याएवढा ओढा बघता बघता कमरेला येतो. म्हणून घराचा नियम होता: आजोबा 'कोरडं' म्हणाले तर रेनकोट खुंटीवर ठेवून टेकडी गाठायची, 'ओलं' म्हणाले तर घरात पत्ते.

आणि आजोबा हे सांगायचे ते वासावरून. मोरिवलीकडच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती, तिथले सगळे वास त्यांना नावानिशी ठाऊक. वारा समुद्राकडून असला की शिरगावात वास नाही, पाऊस आहे. वारा फिरून उत्तरेचा झाला की कारखान्यांचा वास थेट गॅलरीपर्यंत येतो आणि दुसरा दिवस कोरडा जातो. सगळी इमारत त्या वासाच्या नावाने बोटं मोडायची, तक्रारी करायची, श्यामकांत एकटेच त्याचं स्वागत करायचे. त्यामागचं शास्त्र कोणी तपासलं नव्हतं, पण ते क्वचितच चुकायचं.

अडचण एवढीच होती की श्यामकांतांना वास येत नव्हता.

गेल्या थंडीत ताप आला, उतरला, आणि जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. ते काही आलं नाही. एका सकाळी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलेले असताना समोर गॅसवर दूध जळून भांडं काळं झालं, तरी त्यांना पत्ता नाही. कुमुदिनीबाई अंघोळ अर्धी टाकून धावत आल्या, गॅस बंद केला, भांड्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. "लक्ष कुठे असतं हो तुमचं?" एवढंच म्हणाल्या. त्यांनी लक्षावर ठपका ठेवला याचं श्यामकांतांना इतकं बरं वाटलं, की ते भांडं त्यांनी स्वतः घासलं.

सांगून टाकायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. पण बँकेचं काम देवदत्तच्या फोनमध्ये गेलं होतं. गुडघ्यांमुळे स्कूटर विकली गेली होती. गावात कोणाला काय द्यायचं-घ्यायचं ते चैत्राली ठरवायची आणि चांगलं ठरवायची. उरला होता तो शनिवारचा शब्द. तो गेला, की रविवारी ते फेरीला नेणारे राहणार नव्हते, अनीशसारखे हात धरून नेले जाणार होते. याची त्यांना साधी, सरळ भीती वाटत होती.

मग त्यांना खिडकी सापडली. कुमुदिनीबाईंना त्या वासाचा पहिल्यापासून तिटकारा. वास आला की त्या स्वयंपाकघराची खिडकी लावून घेत. बायको वैतागते आणि आपल्याला हवामान कळतं, ही युक्ती सुचल्यावर श्यामकांत मनातल्या मनात स्वतःवर बेहद्द खूश झाले होते. हल्ली तर ती खिडकी पूर्वीपेक्षा जोरात आपटायची. वयाबरोबर बायकोचा राग वाढलाय, असं त्यांनी धरून टाकलं. आणि शब्द खरा ठरत गेला. फक्त जुलैत एकदा ओढ्यात मधोमध असताना पाणी अनीशच्या गुडघ्यांना लागलं, तेव्हा त्याचा हात घट्ट धरता धरता त्यांच्या मनात आलं होतं, की नाक नसलेला माणूस दोन पोरांना घेऊन कशाच्या भरवशावर उभा आहे. त्या दिवसापासून ओढा आला की ते अनीशचा हात सोडत नसत.

स्वयंपाकघरात खिडकी धाडकन लागली.

श्यामकांतांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि वळले.

"आला वास. उद्या कोरडं."

एरवी या वाक्याला अनीश उड्या मारायचा. आज त्याने बहिणीकडे बघितलं. चैत्रालीचा किसणीवरचा हात थांबला होता. देवदत्त फोनमध्ये पाहत होता, पण फोन काळा होता.

"पण आजोबा," शलाका म्हणाली, "मला तर दुसराच..."

"शलाका!" स्वयंपाकघराच्या दारात कुमुदिनीबाई उभ्या होत्या. हाताला पीठ तसंच होतं आणि चेहरा असा, की काहीतरी हातून सांडलंय. "आत ये बघू. पाटपाणी कोण घेणार?"

"एवढ्यात?"

"एवढ्यातच."

शलाका आत गेली. कुमुदिनीबाई क्षणभर नवऱ्याकडे बघत राहिल्या, काही बोलतीलसं वाटलं, मग त्याही गेल्या. शांतता कसली, हे श्यामकांतांना उमगलं नाही. शब्दाला अजून वजन आहे, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

रविवारी सकाळी लख्ख ऊन होतं. श्यामकांत चपला सोडून बूट घालून तयार झाले आणि देवदत्तला "तुझे साठ टक्के कुठेत रे?" असं विचारून घेतलं. मग खुंटीकडे लक्ष गेलं. खुंटीवर एकही रेनकोट नव्हता. कुमुदिनीबाईंनी उल्हासनगरच्या बाजारात दोन दुकानांत घासाघीस करून सगळ्यांसाठी आणलेले ते रेनकोट, लहानांचे पिवळे आणि मोठ्यांचे करडे, 'कोरडं' म्हटल्यावर कधी जागचे हलले नव्हते. चैत्रालीच्या पाठीवरची सॅक मात्र आज टम्म फुगलेली होती. विचारावं असं त्यांना वाटलं, पण रिक्षा आली.

बांधावर नेहमी अनीश पुढे आणि कुमुदिनीबाई सगळ्यात मागे, वाटेतला टाकळा खुडत. आज त्या पुढे होत्या, आणि झपाझप. एक वाट ओढ्याकडे उतरते आणि दुसरी रानभाज्या विकणाऱ्या राजाबाईंच्या वस्तीकडे वळते, तिथे त्या थांबल्या.

"मला आधी राजाबाईकडून कुरडूची भाजी घ्यायचीय."

"येताना घेऊ की," श्यामकांत म्हणाले. "आधी देऊळ. ऊन आहे तोवर."

"येताना ती शेतावर गेलेली असते."

"रविवारी?"

"शेताला कसला आलाय रविवार?"

"आईचं होऊ दे आधी," देवदत्त म्हणाला. तो जरा घाईनेच म्हणाला. श्यामकांतांनी त्याच्याकडे पाहिलं, चैत्रालीकडे पाहिलं. दोघंही वस्तीच्या वाटेला लागले होते. कुमुदिनीबाई मात्र वाटेकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर डोंगराच्या माथ्यावर होती, आणि तिथे ऊन नव्हतं.

श्यामकांतांना आता चमत्कारिक वाटू लागलं. राग नव्हे, कुतूहल. सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे आणि ते सगळं आपल्याला वळसा घालून चाललंय, असं. खिडकी तर लागली होती, आपल्या कानांनी ऐकली होती. मग ही सॅक का फुगली?

राजाबाईंचं घर दिसायला लागलं आणि पहिले टपोरे थेंब पडले. "थांबा, थांबा," म्हणत चैत्रालीने सॅक उघडली. पिवळे दोन बाहेर आले, मग करडे, एकामागून एक. शेवटचा तिने सासऱ्यांपुढे धरला. त्यांचा स्वतःचा, नीट घडी घातलेला.

"हे कोणी भरले?"

"आईंनी," ती म्हणाली आणि अनीशच्या गुंड्या लावायला खाली बसली.

ते ओसरीवर पोहोचेपर्यंत सगळं पांढरं झालं होतं. समोरचा डोंगर नव्हताच. राजाबाई कांबळं बाजूला सारून जागा करत होत्या.

"या या, वर या. पोरांना आत घ्या." त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "बरं झालं बाय, वड्यात उतरलाव नाय. वर डोंगराला मघापासून पडतंय. पानी लाल झालंय."

श्यामकांतांनी अनीशकडे पाहिलं. तो पागोळीखाली हात धरून उभा होता, आणि त्याचे गुडघे कोरडे होते. श्यामकांत ओसरीवर बसले.

राजाबाईंनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि आतूनच विचारलं, "सुकट हाय डब्यात. भाजू का जराशी? का तुमचा श्रावन?"

"श्रावण आहे गं," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"आणि आजीला ते ऐकूनपण त्रास होतो," शलाका म्हणाली. "काल आमच्या तळमजल्यावरच्या नव्या काकूंनी बोंबील भाजले, तर अख्ख्या बिल्डिंगीत वास! आजीनं धाडकन खिडकीच लावून घेतली."

म्हणाली आणि थांबली. तिच्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी येऊन बसत होत्या, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती आजोबांकडे वळली.

"पण आजोबा, तुम्ही म्हणालात तो..."

"शलाका, गोठ्यात वासरू आहे," देवदत्त म्हणाला. "नवीन आहे. चल दाखवतो. अनीश, तूही चल."

"पण बाबा..."

"आधी वासरू."

तो दोघांना घेऊन पडवीच्या कडेकडेने मागे गेला. चैत्राली राजाबाईंना कप धुवायला मदत करायला म्हणून आत गेली. कप धुतलेलेच होते, ते ओसरीवरूनही दिसत होतं.

ओसरीवर दोघंच उरली. पाऊस असा वाजत होता, की हळू बोलायची सोय नव्हती आणि मोठ्याने बोलायचं धैर्य नव्हतं. कुमुदिनीबाई कुरडूची एक एक काडी उचलून निवडत होत्या. निवडायची घाई कोणालाच नव्हती.

"म्हणजे काल सगळ्यांना बोंबलाचा वास येत होता," शेवटी श्यामकांत म्हणाले.

"हो."

"आणि मी गॅलरीत उभा राहून..."

"हो."

श्यामकांतांनी रेनकोटची बाही खाली ओढली, पुन्हा वर केली. लाज वाटत होती, पण ओढ्याचा विचार आला की लाजेला जागाच उरत नव्हती. उतरलो असतो तर, एवढंच पुन्हा पुन्हा मनात येत होतं.

"तुला कधी कळलं? काल?"

"दूध जळलं तेव्हा." त्यांनी एक जून काडी वेगळी काढली. "समोर बसला होतात तुम्ही. घरभर जळका वास. माझं काय डोकं फिरलंय, लक्ष नव्हतं म्हणायला?"

"मग बोलली नाहीस."

"तुम्ही कुठे बोललात?"

आत चैत्राली राजाबाईंना काहीबाही विचारत होती, उगाच मोठ्या आवाजात. श्यामकांत पागोळ्यांकडे बघत होते. मग हळूहळू त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, हिशेब लागत नसला की पडायच्या तशा.

"पण मग ती खिडकी," ते म्हणाले. "दर शनिवारी लागायची ती. वाजायची ती."

कुमुदिनीबाईंनी आणखी एक काडी उचलली.

"कुमुद."

"बिजागरी सैल झालीय तिची," त्या भाजीकडे बघत म्हणाल्या. "आता रोज सकाळी उघडताना चौकटीला घासते. हळू लावली तर तुम्हाला गॅलरीत ऐकू यायची नाही, म्हणून आपटायला लागायची. आधी मी गच्चीत जाऊन वास घेऊन यायचे, कपडे काढायच्या निमित्तानं. नीट, खात्री करून. पोरांचा प्रश्न होता." त्या थांबल्या. "कालची खिडकी तुमच्यासाठी नव्हती हो."

"मग कोणासाठी होती?"

"माझ्यासाठी." एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांनी वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदम. "श्रावण लागल्यापासून मी बाजारातल्या मासळीच्या गल्लीनं जात नाही, आणि ही बाई नेमकी आमच्या खिडकीखाली बोंबील भाजते. चुलीतल्या निखाऱ्यावर भाजावा तसा खरपूस वास. माझं भानच गेलं. खिडकी लावली, आणि लावल्यावर लक्षात आलं, अगबाई, हे बाहेर उभे आहेत."

श्यामकांतांना हसू आलं. आवरायचा प्रयत्न केला तर ते जास्तच आलं, खांदे हलायला लागले, मग डोळे पुसावे लागले, आणि ते नेमकं कशासाठी पुसले हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. आत चैत्रालीचा आवाज थांबला होता.

पाऊस थोडा ओसरला तशी पोरं गोठ्यातून परतली. वासराने अनीशची बाही चाटली होती, ती तो सगळ्यांना दाखवत सुटला. राजाबाईंनी कप आणून ठेवले. श्यामकांतांनी आपला उचलला, सवयीने नाकाशी नेला आणि तिथेच थांबले. देवदत्त बघत होता. चैत्राली दारात उभी होती. त्यांनी कप खाली ठेवला.

"शलाका, इकडे ये. यात काय काय घातलंय, वास घेऊन सांग बरं."

शलाका गुडघे टेकून बसली, डोळे मिटले आणि कपावर वाकून लांब श्वास घेतला. हनुवटी अगदी त्यांच्यासारखी वर केली.

"गवती चहा," ती म्हणाली. "आणि आलं. आणि धूर. धूर जास्त आहे." मग डोळे उघडले. "तुम्हाला नाही येत?"

"नाही."

"धुराचापण नाही?"

"कशाचाच नाही. थंडीपासून."

तिला वाईट वाटलं की नाही, सांगता येत नाही. ती विचार करत होती. आजोबांच्या नाकाकडे तिने जरा वेळ, पहिल्यांदाच बघावं तसं, बघून घेतलं. देवदत्तने तोंड उघडलं, पण श्यामकांतांनी हाताने त्याला थांबवलं.

"मग इतके दिवस," तिने विचारलं, "तुम्ही बरोबर कसं सांगत होता?"

श्यामकांतांनी कुमुदिनीबाईंकडे पाहिलं. त्या कुरडूची जुडी फडक्यात बांधत होत्या, आणि गाठ काही केल्या बसत नव्हती.

"आजीला विचार," ते म्हणाले.